मी इथलीच, याचा पुरावा

१८ मार्च, सोमवार

परराज्यातली! मी! कॉलेजचं पत्र आलंय आणि माझ्या नावापुढं चक्क लिहिलंय — परराज्यातील विद्यार्थिनी. मागच्या आठवड्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून घरभर नाचले होते, आज फी बघून मटकन खालीच बसले. इथल्यांना एक फी, बाहेरच्यांना तिप्पट. तिप्पट भरायची म्हणजे शिकायचंच नाही, उघड आहे.

इथिओपियातल्या देस्सेहून निघाले ती थेट अमेरिकेत, सिल्व्हर स्प्रिंगच्या या तळघरात उतरले. सव्वा वर्ष झालं. दुसऱ्या कुठल्या राज्यात एक रात्र काढलेली नाही! पण ते सिद्ध करा म्हणतात. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होणार, त्याआधीचे सलग बारा महिने मेरीलँडमध्ये राहत होता असा कागद दाखवा. एप्रिल संपायच्या आत.

माझा गेताहुन विमानतळावरची प्रवाशांची गाडी चालवून दमून आला, तसंच पत्र हातात दिलं. "विजेचं बिल दे की." — तुझ्या नावावर. "बँकेचं?" — तुझ्या नावावर. फोन, गाडी, इंटरनेट, सगळं तुझ्या नावावर! "मग तुझ्या नावावर या राज्यात आहे तरी काय?"

"एक नवरा," मी म्हटलं.

खूप हसलो. मग त्यानं पत्र पुन्हा वाचलं. मी आले तेव्हा म्हणाला होता, तू फक्त इंग्रजी शिक, बाकीची कटकट माझी. प्रेमानंच म्हणाला होता बिचारा. त्याला काय बोलणार!

२१ मार्च, गुरुवार

कॉलेजच्या खिडकीवर जाऊन आले. लायसन्स ऑक्टोबरमधलं, म्हणजे बारा महिने भरत नाहीत. चर्चची पावती चालत नाही. वर तिथली मुलगी विचारते, नवरा आहे तर आडनाव वेगळं कसं? अगं बाई, मी बापाचं नाव लावते. आमच्यात सगळ्याच लावतात. तो नवरा आहे, माझा बाप नाही! (हे मनात. तोंडानं "यस मॅडम" म्हणून परत आले.)

आणि घरी आल्यावर एकदम आठवलं — भाडेकरार! त्यावर माझं नाव आहे! वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या घरमालकीण, एतेते झेनेबेच (वडीलधारीला आम्ही एतेते म्हणतो), यांनीच हट्टानं घालायला लावलं होतं. गेताहुन म्हणत होता, कशाला, माझं एकट्याचं पुरे. तर एतेते म्हणाल्या, "उद्या तू पळून गेलास तर भाडं काय भिंतीकडं मागू?" तेव्हा मला राग आला होता. आज वर धावत जाऊन त्यांच्या गुडघ्यांना हात लावला.

"काय झालं गं? पळाला की काय खरंच?"

२२ मार्च, शुक्रवार

करार देऊन आले. देवा, आता तूच बघ. ईस्टरपर्यंतचा उपास असल्यानं आज पुन्हा शिरो, म्हणजे आमचं पिठलं. उद्याही शिरोच.

४ एप्रिल, गुरुवार

काय घोळ झालाय बघा!

कॉलेजचं उत्तर आलं तेव्हा आम्ही वर एतेतेंकडं कॉफीला बसलो होतो. गेताहुननं मोठ्यानं वाचलं. "तुमच्या भाडेकरारावर २०१५ सालची तारीख आहे. पासपोर्टनुसार तुम्ही या देशात पहिल्यांदा २०२३ साली आलात. याचा खुलासा न झाल्यास अर्ज फेटाळला जाईल."

एतेते म्हणाल्या, "मग? पंधरा सालीच तर आली ही."

"नाहीतर काय!" मी म्हटलं. "टिमकेतचा सण झाला आणि दुसऱ्या दिवशी सह्या केल्या."

"आंधळी आहेत का ही माणसं!" — हा गेताहुन.

चांगला एक कप संपेपर्यंत तिघं मिळून कॉलेजला शिव्या घालत होतो. मग गेताहुनचा कप हवेतच थांबला. "अरे देवा," तो म्हणाला. "आपलं पंधरा."

आपलं पंधरा! त्यांचं तेवीस! तारीख एतेतेंनी स्वतःच्या हातानं घातलेली, आपल्या पंचांगाची, यांच्याहून सात-आठ वर्षं मागं चालणाऱ्या. आम्ही तिघांनी तो कागद कितीदा वाचला असेल, पण चूक कुणालाच दिसली नाही. दिसणार कशी? आमच्या दृष्टीनं ती बरोबरच होती!

मला हसावं की रडावं कळेना. एतेते आधी उखडल्या. "तीस वर्षं यांच्या तारखेनं टॅक्स भरतेय, यांच्या तारखेनं म्हातारी झालेय. घर तरी माझं आहे ना? मग साल पण माझंच!" मग एकदम खांद्यावरची नेतेला ओढणी तोंडाला लावून रडायलाच लागल्या. "पोरी, मी तुझं वाटोळं केलं." मी त्यांना धरून बसले. त्यांनी हट्ट केला नसता तर त्या कागदावर माझं नावसुद्धा नसतं, हे त्यांना किती वेळा सांगितलं. ऐकतील तर शपथ.

५ एप्रिल, शुक्रवार

 खोटा कागद दिला असं त्यांना वाटलं तर? फीचं सोडा, उद्या ग्रीन कार्डावर आलं तर?

आईचा फोन आला होता. यातलं काही सांगितलं नाही. नेहमीसारखं म्हटलं, "शिकून झालं की येतेच बघ." ती नेहमीसारखी म्हणाली, "हो गं, ये."

९ एप्रिल, मंगळवार

फोन केला. चौकशी करणाऱ्या बाई प्रत्यक्ष भेटायला तयार आहेत, पुढच्या मंगळवारी, मालकिणीला घेऊन या म्हणाल्या. आवाज तरी बरा वाटला.

गेताहुन म्हणाला, नवा करार लिहू, जानेवारी तेवीस अशी तारीख टाकू, पाच मिनिटांचं काम. एतेतेंनी हातातला झारा खाली ठेवला. "आजवर खोटं काही नव्हतं. हे मात्र खोटं होईल." विषय संपला. मला त्यांचा इतका अभिमान वाटला! आणि भीतीही तेवढीच वाटली, खरं सांगते.

१६ एप्रिल, मंगळवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

तिघं गेलो. एतेते रविवारच्या पांढऱ्या कपड्यांत, चर्चला निघाल्यासारख्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी. चौकशीच्या बाईंचं नाव लोरेन, पिकलेले केस, गळ्यात चष्मा. मी पाठ केलेलं बोलायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला अडकले. तेवढ्यात एतेतेंनी पिशवीतून कागद काढून टेबलावर पसरला. भिंतीवरची दिनदर्शिका, आमच्या पंधरा सालची, आमची इंजेरा भाकरी विकणाऱ्या दुकानात फुकट मिळते ती. प्रत्येक चौकटीत मोठी आमची तारीख, कोपऱ्यात बारीक यांची. जुनी झाली म्हणून एतेतेंनी मसाल्याच्या खणात अंथरली होती. बेरबेरेच्या तिखटानं लालभडक!

लोरेनबाई शिंकल्या. मग चष्मा चढवून वाकल्या. एतेतेंनी चौकटीवर बोट ठेवलं. "ही आमची पाचव्या महिन्यातली बारा. आणि कोपऱ्यात वाचा. जानेवारी. वीस. तेवीस साल."

बाईंनी करार बाजूला धरला. बराच वेळ बघितलं. पासपोर्टवरचा शिक्का बघितला. "म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता २०१६ चालू आहे?"

"माझ्याच नाही," एतेते म्हणाल्या, "अख्ख्या गल्लीत!"

हसल्या हो त्या! पण लगेच म्हणाल्या, "माझा विश्वास बसला. पण वरच्यांना दाखवायला हाताचं लिहिलेलं पुरणार नाही. त्या काळातला, हिच्या नावाचा, एखादा सरकारी कागद?"

मी नाही म्हटलं. संपलं, असंच वाटलं. आणि एतेते म्हणतात, "आगीचा बंब आला होता की!"

मी त्यांना टेबलाखालून कोपरानं ढोसलं. कारण गेताहुन शेजारीच बसलेला, आणि आम्ही दोघींनी ते त्याच्यापासून लपवलं होतं! झालं असं की मी नवी नवी आलेले. इथं येऊन जेमतेम तीन आठवडे. घरची आठवण आली म्हणून तळघरात कॉफीचे दाणे भाजले, रीतीप्रमाणं धूपही घातला, खिडकी बंद. छतावरची ती धुराची घंटा बोंबलायला लागली आणि थांबेचना. कुणीतरी फोन केला. लाल गाडी, चार धिप्पाड माणसं दारात! मी हातात दाण्यांची कढई घेऊन रडतेय. एकानं माझं नाव विचारून लिहून घेतलं, पासपोर्ट पाहिला. एतेतेंनी चौघांना बसवून कॉफी पाजली. रीतीचे तिन्ही कप!

"हे मला आज कळतंय?" गेताहुन.

"तू ड्युटीवर होतास," मी म्हटलं.

"त्यानंतर रोज सकाळी ही दाणे भाजते," एतेते लोरेनबाईंना सांगत होत्या, "आणि रोज सकाळी घंटा वाजते. ही इथं राहत नाही तर काय माझं भूत राहतं का खाली?"

लोरेनबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. तिखटानं की हसण्यानं, देव जाणे. बंबवाल्यांकडून त्या दिवसाची नोंद आणा म्हणाल्या. मग गंभीर होऊन एक प्रश्न. "शिक्षण झाल्यावर काय? परत जायचा विचार आहे?"

मी पटकन म्हटलं, "नाही. माझं घर इथं आहे."

विचार न करताच बोलले. बोलल्यावर मलाच धक्का बसला. त्यांनी एक कागद पुढं केला, मेरीलँड हेच माझं कायमचं घर, शपथेवर. मी सही केली.

१७ एप्रिल, बुधवार

ती सही डोक्यातून जात नाही.

विमानतळावर आईपुढं शपथ घेऊन आले होते, शिकेन आणि येईन. दर रविवारी तेच सांगते. आणि काल एका परक्या बाईला उलटं लिहून दिलं. फी वाचावी म्हणून? नाही. तेच तर! खोटं नव्हतं ते. या तळघरात मला बरं वाटतं. गेताहुन दाराशी बूट काढतो तो आवाज मला आवडतो. हे माझं घर आहे, आणि आईला ते सांगायला तोंड नाही.

गेताहुनला विचारलं, तू तुझ्या आईला कसं सांगितलंस? म्हणाला, "मी कुठं सांगितलं? दहा वर्षं झाली, अजून पुढच्या वर्षीच येतोय."

२२ एप्रिल, सोमवार

नोंद मिळाली! गेताहुननं त्यासाठी सुट्टी काढली. "कॉफी भाजताना धूर, नुकसान नाही," आणि खाली माझं नाव, माझा पत्ता, तारीख. त्यांची तारीख! बंबवाल्या माणसानं विचारलं म्हणे, त्या कॉफीवाल्या आजी बऱ्या आहेत ना?

कॉलेजात देऊन आला. मी आजवर नवऱ्याच्या इतक्या वेळा पाया पडले नव्हते. म्हणतो, पुढच्या महिन्यापासून विजेचं बिल तुझ्या नावावर. घे, मजा कर!

२६ एप्रिल, शुक्रवार

मंजूर!! राज्यातील विद्यार्थिनी! लोरेनबाईंनी पत्र यायच्या आधी स्वतः फोन करून सांगितलं. काय गरज होती त्यांना? काही नव्हती. मी फोनवरच रडले. त्या म्हणाल्या, "खिडकी उघडून भाजत जा हो."

वर धावले. एतेतेंनी माझं तोंड बघूनच ओळखलं. इंजेरात मसूर गुंडाळून एवढा मोठा गुरशा, मायेचा घास, माझ्या तोंडात कोंबला, मग दुसरा, मग गेताहुनच्या. "नर्स झालीस की माझं ब्लडप्रेशर फुकट बघायचं. करार करू, तारीख तू घाल!"

एवढी माणसं माझ्यासाठी राबली! देवा, मी कुणाकुणाचं नाव घेऊ. सगळ्यांना सुखात ठेव.

५ मे, रविवार

फासिका, आमचा ईस्टर! उपास सुटला. एतेतेंचा कोंबडीचा डोरो वोट, त्यातली अंडी मोजून तीन खाल्ली. घर भरलेलं. आईला फोनवर सणाच्या शुभेच्छा दिल्या, फीचं सांगितलं. खूश झाली. "शिकून झालं की..." एवढं म्हणाले आणि पुढचं तोंडातून निघेना. मागं गलका होता, तेच निमित्त केलं आणि फोन ठेवला.

६ मे, सोमवार

आज परत फोन करून सांगून टाकलं. सही केली तेही, का केली तेही. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, तुझी खोली तू गेलीस त्याच महिन्यात मी भाड्यानं दिली. शाळेतली मास्तरीण राहते, गुणी आहे. तू येते येते म्हणायचीस, मी हो हो म्हणायचे. तुला तेवढंच बरं वाटायचं ना."