कोणी न गेलेल्या तळ्यावर

४ मार्च
सेक्शन हेडची खुर्ची गुळगुळीतला मिळाली. हे नाव मी ठेवलंय. विमा ऑफिसात जन्मभर क्लेम तपासले मी, आणि खुर्ची त्याला. साहेब म्हणाले, त्याला माणसं सांभाळता येतात. म्हणजे काय, तर तो सगळ्यांना हो म्हणतो. तेल घातलेल्या बिजागरीसारखा आहे, कुठल्याही बाजूला वळतो, आवाज नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण हळू. कळणाऱ्याला कळलं असेल.

निश्चय: या लोकांत जीव गुंतवायचा नाही.

६ मार्च
केस कापायला गेलो होतो. तिथल्या एका जुन्या मासिकात तळ्याचा फोटो पाहिला. जंगलाच्या आत, रस्ता संपल्यावर पुढे पायवाट, मग तळं. वर्षात कोणी फिरकत नाही. पोचल्यावर कनू नावाच्या होडीतून हिंडायचं, मासे पकडायचे. फोटोत एक दाढीवाला हाताएवढा मासा धरून उभा. चेहऱ्यावरून बेताचाच वाटतो. त्याला जमतं तर मला का नाही?

प्लॅन: जायचं, मासा धरायचा, फोटो काढायचा, गुळगुळीतच्या केबिनमधून दिसेल असा टेबलावर ठेवायचा. एक शब्द बोलायचा नाही.

मासे पकडण्याचा अनुभव: नाही. पण मासा हा मुळात मूर्ख प्राणी, आणि मूर्खांशी माझा रोजचा संबंध आहे.

९ मार्च
कनू भाड्याने ठरवली. दोन्ही टोकांना निमुळती, अरुंद होडी. एकामागे एक बसायचं, आपापलं वल्हं मारायचं. दुकानदाराने विचारलं, आधी कधी चालवलीय का. म्हटलं, पात्रता असली की सवयीची गरज नसते. मग म्हणाला, लाइफ जॅकेट घालूनच बसा आणि काही झालं तरी कनूत उभं राहू नका. हे त्याने पुन्हा सांगितलं. निघताना दारातून ओरडून पुन्हा. एकच वाक्य घोकणारी माणसं आयुष्यात पुढे जात नाहीत. तो काउंटरमागेच राहणार.

११ मार्च
बायको म्हणते धाकट्याला घेऊन जा.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि त्याला काम म्हणतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याची बायको सोडून गेली. तिला मी दोष देत नाही, त्याच्याबरोबर एक जेवण काढणंही जड जातं. तेव्हापासून दुकान ते घर, घर ते दुकान, शर्टाला इस्त्री नाही.

बायको नर्स आहे. घरातल्या सगळ्यांना पेशंट समजते. म्हणाली, भावजींना झोप लागत नाही, दोन दिवस मोकळ्या हवेत ने, बोल त्यांच्याशी. मी म्हटलं, ही मोहीम आहे, दवाखाना नाही. ती म्हणाली, बरं, मग होडीचं दुसरं टोक कोण उचलणार?

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. मी त्याकडे वेगळ्या बाजूने बघत होतो.

धाकट्याला फोन केला. लगेच हो म्हणाला. स्वाभिमान म्हणून काही नाहीच.

१६ मार्च
हॉलमध्ये गादीवर बसून झाडूने वल्हवण्याचा सराव. अर्ध्या तासात तंत्र हातात आलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी वर आली, घरात कोणाला झटके येतायत का विचारायला. बायकोने तिला चहा दिला आणि दोघी माझ्याकडे बघत बसल्या.

पोहण्याचा सराव केला नाही. शाळेत असताना येत होतं. पाणी काही बदलत नाही.

२१ मार्च, दुपार
पोचलो.

गाडी धाकट्याने चालवली, रस्ता मी सांगितला. दोनदा चुकलो. नकाशा छापणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही म्हणून हे असं होतं. धाकटा काही बोलला नाही. मुद्दाम बोलला नाही.

रस्ता संपल्यावर कनू उलटी करून डोक्यावर घेतली. मी पुढे, कारण नेता पुढेच असतो. पण डोक्यावर होडी असली की पुढच्याला फक्त स्वतःचे बूट दिसतात. बऱ्याच वेळाने मागून आवाज आला, दादा, हे पडलेलं झाड मघाशी लागलं होतं. मी म्हटलं, जंगलात झाडं असतातच. पुढच्या वेळी ते झाड लागलं तेव्हा तो नुसता त्या झाडावर बसला. मग तो पुढे झाला. मीच त्याला संधी दिली. जबाबदारी टाकल्याशिवाय अशा माणसांत सुधारणा होत नाही.

तळं मोठं आहे. पाणी काळसर, काठाला लव्हाळी, पलीकडे डोंगर. माणूस नाही, धूर नाही, आवाज नाही. धाकट्याने आपलं टोक खाली ठेवलं आणि नुसता उभा राहिला. म्हणाला, किती शांत आहे रे. माझं टोक अजून माझ्या डोक्यावर होतं.

संध्याकाळ
तंबू मी उभारला. उतारावर आहे, पण दृश्य चांगलं. धाकट्याने स्टोव्हवर अंडी केली, चहा केला. दोन कप चहा प्यायला आणि मला लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागला. कोणत्या तरी उन्हाळ्यात मी त्याला सायकलवर बसवून नदीवर नेलं होतं म्हणे. मला आठवत नाही. म्हटलं, गळाला आमिष लावायची तयारी कर.

२२ मार्च, सकाळ
उतारामुळे सकाळी आम्ही दोघं तंबूच्या एकाच कोपऱ्यात. मी त्याच्याखाली. धाकट्या साहेबांना झोप लागत नाही म्हणे! आडवा झाल्या झाल्या घोरायला लागला, उजाडल्यावर हलवून उठवावं लागलं. आणि बायको हॉस्पिटलात निदानं करत फिरते.

पाण्यात उतरलो. दिशा मागच्या माणसाच्या वल्ह्यावर असते असं धाकटा म्हणाला, कुठेतरी वाचून आला असणार. मी म्हटलं, दिशा मागचा देत असेल, हुकूम पुढचा देतो. सुरुवातीला आम्ही गोल फिरलो. तळ्याचा अंदाज यावा म्हणून ते आवश्यकच होतं. लाइफ जॅकेट तो घालून बसला, मी माझं खाली घेतलं, बाक कडक आहे. क्लेमच्या फायली वाचून एक कळलंय, अपघात ठरावीक प्रकारच्या माणसांनाच होतात.

मधोमध गेल्यावर गळ टाकले. काही नाही. जागा बदलली. काही नाही. इथले मासे अडाणी आहेत, माणूसच पाहिलेला नाही, आमिष म्हणजे काय ते कळत नाही.

मग माझ्या दोऱ्याचा गुंता झाला. उत्पादनाचा दोष. तो सोडवत बसलो आणि नेमका त्याच वेळी धाकटा बोलायला लागला. मी पाठमोरा, तो माझ्या पाठीशी बोलतोय. काहीतरी तिच्या कपाटाबद्दल, त्यात कपडे तसेच आहेत. काहीतरी वकिलाने पाठवलेले कागद, सहीवाचून पडलेत. एकदा आवाज बसला, मला वाटलं सर्दी. गाठ सुटता सुटत नव्हती. शेवटी त्याने विचारलं, दादा, तुला काय वाटतं?

मी वैतागलो होतो. म्हटलं, किती दिवस सोडवत बसणार, कापून टाक.

मी चाकू मागायला हात मागे केला, तर त्याने माझा हात धरला. बराच वेळ धरला. म्हणाला, बरं वाटलं रे, ऐकून घेतलंस. मी हुं म्हटलं. चाकू दिलाच नाही. मला दाताने दोरा तोडावा लागला. जेवायला काठावर परतलो तेव्हा हे लिहितोय, जेवण झालं की पुन्हा पाण्यात.

दुपार, चार वाजता. शेकोटीशेजारी
प्रथम घटना नीट लिहून ठेवतो, नंतर लोक काहीही सांगतात.

माझ्या गळाला मासा लागला. ओढ इतकी होती की मासा साधा नव्हताच. अशा वेळी माणूस उभा राहतो, हे नैसर्गिक आहे. कनू उलटली, हा कनूचा दोष. पाणी अपेक्षेपेक्षा थंड होतं. पोहणं येत होतंच, पण बूट आड आले, आणि कोटही, आणि पाणी तोंडात आल्यावर मोकळेपणाने हालचाल करता येत नाही.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी काडी धरली नव्हती, धाकट्याची मान धरली होती. त्याला आधार म्हणून. तो ओरडत होता, दादा, मान सोड, खांदा धर, मान सोड! मी परिस्थिती पाहून खांदा धरला. मग आम्ही काठाकडे गेलो. पाय तो मारत होता, वर बघण्याचं काम माझ्याकडे होतं. आभाळ होतं.

लव्हाळ्यांत पालथा पडून मी पाणी ओकलो. तो माझ्या पाठीवर थापट्या मारत होता आणि सारखं म्हणत होता, आहेस ना, दादा, आहेस ना? नंतर खाली बसला आणि थरथरत हसायला लागला. नंतर रडायला लागला. नंतर पुन्हा हसला. मनाचा कमकुवतपणा. मला स्वतःचे कोरडे कपडे घातले आणि आपण उघडा बसला.

कनू वाऱ्याने काठाला आली, तो जाऊन घेऊन आला. दोन्ही गळ बुडाले, माझा चष्माही. माझा गळ आधी एका बुडालेल्या फांदीत अडकला असावा, असं तो म्हणतो. मी म्हटलं, फांदीला इतकी ओढ नसते. तो हो म्हणाला. सगळ्यांना हो म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.

रोजनिशी कोरडी राहिली, कारण ती तंबूत विसरली होती.

२५ मार्च
ताप. बायको चमच्याने औषध देते आणि नाक दाबते. धाकटा दोन वेळा बघून गेला. शर्टाला इस्त्री होती.

३१ मार्च
ऑफिसला गेलो. सगळे गोळा झाले. मी थोडक्यात सांगितलं. होडी उलटली, धाकट्याला पोहता येईना, मी त्याला काठावर आणलं. हे मूळ घटनेपासून फार दूर नाही. दोघं पाण्यात होतो, दोघं काठावर आलो. कोणी कोणाला आणलं हे बारकाव्यात जाणं झालं.

गुळगुळीतने पाठीवर हात ठेवला. म्हणाला, तुम्ही असं काही कराल असं वाटलं नव्हतं. म्हणजे काय?

२ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत धाकटा ऑफिसात आला. माझा चष्मा तळ्यात गेला होता, नवा करून आणला. गुळगुळीत केबिनमधून तडक उठून आला आणि त्याचे हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्या दादांनी तुम्हाला वाचवलं, ग्रेट माणूस. अख्खा सेक्शन ऐकत होता. मी फाईल उघडली.

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, हो ना, दादा होता म्हणून आज इथे उभा आहे.

माझ्या नाकावर चष्मा बसवला, कानामागे काडी वाकवून बघितली, घट्ट होतोय का विचारलं, आणि गेला.

सरळ खोटं बोलला. सगळ्यांसमोर. डोळ्याला डोळा देऊन. मी काय त्याच्याकडे भीक मागितली होती? मला कोणाचे उपकार नकोत. दुपारभर एकही क्लेम नीट वाचता आला नाही. चष्म्याचा नंबर चुकला असणार.

५ एप्रिल
नंबर बरोबर आहे.

१० एप्रिल
बायको ड्यूटीवरून आली ती पर्स न ठेवताच समोर बसली. धाकट्याने घटस्फोटाच्या कागदांवर सही केली म्हणे. कपाटातले कपडे बांधून तिकडे पाठवून दिले. तिने त्याला विचारलं, भावजी, एकदम कसं काय? तर म्हणाला, दादाने सांगितलं, किती दिवस सोडवत बसणार, कापून टाक.

मी आधी घाबरलो. मग म्हटलं, हो, माझाच सल्ला. स्पष्ट बोलणारं कोणीतरी लागतंच.

बायको म्हणाली, बरं केलंस. मला वाटलंच नव्हतं तू इतकं ऐकून घेशील. तिच्याबद्दल नेमकं काय म्हणाले ते? मनात राग आहे का अजून?

मी म्हटलं, साधारण होतं सगळं. कपाट वगैरे.

ती म्हणाली, कपाट वगैरे?

मी म्हटलं, भावाभावांतलं आहे, सांगता येत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. हॉस्पिटलात पेशंट गेल्यावर रिकाम्या खाटेकडे बघतात तसं. मग पर्स ठेवायला आत गेली. जेवणात मीठ नव्हतं. मी बोललो नाही. त्यागी माणसाची कोणी दखल घेत नाही.

१९ एप्रिल
धाकट्याने पुन्हा तळ्यावर जायचं ठरवलंय. मला बायकोकडून कळलं. मी मनाशी अटी ठरवून ठेवल्या: रस्ता मी सांगणार, तंबूची जागा मी निवडणार, लाइफ जॅकेट घालायला तत्त्वतः हरकत नाही. तो विचारायला येईल तेव्हा लगेच हो म्हणायचं नाही. थोडं ताणायचं.

२३ एप्रिल
आला होता. बायकोशी स्वयंपाकघरात बोलत बसला. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो, पान उलटताना मुद्दाम आवाज केला. जाताना म्हणाला, येतो दादा, तब्येत सांभाळ.

बायकोने दोन दिवसांची रजा टाकली आहे. ती जाणार आहे. मला म्हणाली, तुला थंडी बाधते.

मी म्हटलं, मला वेळच नाही. खरंच नाही.

२७ एप्रिल, रविवार
काल दोघं गेली. फ्रीजमध्ये माझं जेवण आहे, डब्यांवर चिठ्ठ्या लावून. वार लिहिलेत, जणू मला वार कळत नाहीत.

दुपारी फोटो आला. रस्त्यावर परतल्यावर पाठवला असेल, तळ्यावर रेंज नाही. धाकट्याने हात लांब करून काढलेला. पुढे बायको, मागे तो, दोघांच्या अंगात जॅकेट, दोघं तोंड उघडून हसतायत. बायकोने वल्हं चुकीचं धरलंय. तसं लिहायला घेतलं, पुसलं. मग लिहिलं, मासा मिळाला का?

धाकट्याचं उत्तर आलं, गळ नेलेच नव्हते दादा, नुसतेच गेलो होतो.

नुसतेच. इतक्या लांब, होडी डोक्यावर घेऊन, नुसतेच. मग तिथे करतात काय दिवसभर?

फोटो मोठा करून पाहिला. कळत नाही.