पाण्याबाहेर आलेले खांब

३ फेब्रु. ५८
ठाकूरद्वारची चाळ तपासायला घेतली. पायाखाली जुने लाकडी खांब ठोकलेत. मालकांचा प्रश्न एकच : चाळ टिकेल की भाडेकरू बाहेर काढायचे? जो तो म्हणतो, लाकूड कुजलंच असणार. अरे, पाण्यात बुडालेलं लाकूड कुजत नाही! पाणी उतरलं तर घात. आठवड्यात निकाल देतो म्हणालो. देणारच.

५ फेब्रु.
पुढच्या कोपऱ्यात खड्डा. खांब पाण्यात. मुकादम रावजीने टोच्या मारला, टोकसुद्धा आत जाईना. गिरमिटाचा भुसा स्वच्छ, पिवळा. "रावजी, हे आपल्याला पोचवून उरेल!" मनातल्या मनात रिपोर्ट लिहून मोकळा. संध्याकाळी चाळ सभेला निघाली होती. जिन्यातच सांगून टाकलं, मुंबई मिळो न मिळो, तुमची घरं पक्की. टाळ्या! जरा घाईच केली.

७ फेब्रु.
मागचा कोपरा, विहिरीशेजारी. खांबाचं डोकं कोरडं. टोच्या मुठीपर्यंत आत. वीतभर खाली पाणी लागलं, तिथलं लाकूड घट्ट. म्हणजे पाणी उतरलंय. पण का?
तळमजल्यावरच्या गोदूताई चहा घेऊन आल्या. "साहेबानु, विहिरीवर पंप बसल्यापासना भिंत बघा कशी सुकी. माझ्या चेडवाचो खोकलो गेलो. तुमचे उपकार."
ओल घालवायला पंप बसवा, रोज पाणी उपसा. सहा वर्षांपूर्वी मीच सांगितलेलं. पायाखाली लाकूड आहे, हे विचारायचं सुचलंच नाही. फार लाज वाटली. चहा तसाच राहिला.

८ फेब्रु.
पंप बंद करवला. मालकांना म्हटलं, कुजलेली डोकी कापून काँक्रीट भरू, पाणी वर येऊ दे. माणसं हलवायला नकोत.
"सगळंच कुजलंय असं लिहा ना."
"नाही. आणि पंपाची चूक माझी, तेही लिहिणार."
हसले. "मग तुमचा रिपोर्ट मानणार कोण?"
बरोबर बोलले, मेले. तरी लिहिलं. खाली ठसठशीत सही.

९ फेब्रु.
गोदूताईंना स्वतः जाऊन सांगितलं. पंप बंद, ओल परत येणार, चूक माझी. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला.
"पण घर रवतला मा?"
"राहील," म्हटलं. सवयीनेच.
मधले बारा खांब उघडायचे आहेत अजून.