खून भोजन मंडळाचे अध्यक्षपद आणि रमा काळमेघ

मी, कौमुदी विनायक पांढरीकर, वय ७१, रेल्वे ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तशी कोणाची छातीच झालेली नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझा मुलगा सचिन यास द्याव्यात. मराठीत विचारले की तो हिंदीत उत्तर देतो, पण ठेवींना त्याचे काही वाटत नाही.

२. रहस्यकथांची तीनशे बारा पुस्तके खून भोजन मंडळास द्यावीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रायपूर राजधानी झाले, त्याच्या पुढच्या वर्षी मी आणि शेजारीण रमा काळमेघ यांनी हे मंडळ काढले. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रमाने रांधायचे, मी रहस्यकथा वाचायची, आणि खुनी कोण ते ताक वाढल्यावरच सांगायचे. नाव रमाने ठेवले. दारावरची पाटीही तिचीच: 'आज खून आहे. अवश्य यावे.' आपल्या मराठीत खून म्हणजे खून, पण गल्लीच्या हिंदीत ते रक्त. पहिल्याच रविवारी नऊ जण बाह्या वर करून रक्तदानाला आले. एकाने रक्तगटाचे कार्ड आणले होते. सगळ्यांना वरणभात वाढला. त्यातले दोघे अजून येतात.

३. माझ्या मृत्यूबद्दल मंडळाने संशय घेऊ नये. मला मधुमेह आहे. सचिनची उलटतपासणी तर मुळीच करू नये. तो घाबरतो आणि न केलेलेही कबूल करतो.

~~४. मंडळाचे अध्यक्षपद, माझी वेताची खुर्ची आणि वरील पाटी रमा काळमेघ हिला द्यावी. अट एकच, तिने पंगतीला परत यावे.~~

कारण असे. २००९ साली मी ऐन रंगात वाचत होते, सगळ्यांचे घास हातातच राहिले होते, आणि रमा पंगतीत म्हणाली, "माळ्यानं मारलं त्याले. आता जेवा, पातोड्या थंड्या होऊन राहिल्या." मी तिला उठ म्हणाले. ती वाढायच्या पळीसकट उठून गेली. आठ वर्षे आम्ही एकाच ठेल्यावर एकमेकींकडे पाठ करून वांगी निवडतो. मंडळ हॉटेलची भाजी खाते. मला तिची फार आठवण येते. चूक माझी होती; पातोड्यांचा रस्सा खरेच थंड होत होता.

जादा नोंद: दुसरा साक्षीदार मिळेना म्हणून सचिन रमालाच घेऊन आला. म्हणे, "आंटी फ्री थीं." वकील म्हणाले, ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीला राहू नये, पुढे भानगड होते.

"मंग काटा माझं नाव," रमा म्हणाली. "खुर्ची कायले पायजे मले? रविवारी किती पानं हायेत ते सांग."

"चौदा," मी म्हणाले.

कलम ४ मी स्वहस्ते खोडले आहे. सहीआधी सगळे वाचून बघते म्हणून रमाने कागद घेतले, आणि शेवटचे पान आधी काढले. मी वेताची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

लिहून देणार: कौमुदी वि. पांढरीकर

साक्षीदार:
१. ॲड. भार्गव उमाळकर, शंकर नगर
२. रमा काळमेघ, चौबे कॉलोनी

रायपूर, ७ जुलै २०१७