पोर्तुगालातली गगनजाई

अप्पा, पोर्तुगालात गगनजाई होत नाही. हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं, माहीत नव्हतं ते मला; आणि एवढं एक वाक्य लिहायला मी तुमच्या माघारी वीस वर्षं घेतली. व्याकरण शिकलेली माणसं थोडक्यात बोलतात असं म्हणतात. लवकर बोलतात असं कुणी म्हटलेलं नाही.

परवा कोशवाल्यांचा ई-मेल आला. जुने खंड आता इंटरनेटवर चढवतायत, तेव्हा लेखकांच्या वारसांनी आपापल्या नोंदी एकदा नजरेखालून घालाव्यात, अशी विनंती. सोबत तुमची 'पोर्तुगाल'. दीड पान. ती उघडली आणि स्वयंपाकघरातला तो उन्हाळा जसाच्या तसा समोर आला. अव्वा भाकरी थापतेय. तुम्ही बनियनवर, भिंतीला टेकून, मांडीवर पाट घेऊन लिहिताय. मी बी.ए.च्या सुट्टीत, फरशीवर पालथी पडून तुमचे कच्चे कागद सुवाच्य अक्षरात उतरवतेय, कारण तुमचं अक्षर तुमच्या विद्यार्थ्यांनाच लागायचं, तेही परीक्षेच्या भीतीनं. टेंभुर्णी यायच्या आत ज्याला एसटी लागायची, तो माणूस लिस्बनच्या बंदरात खुशाल हिंडत होता. उत्तरेला नि पूर्वेला स्पेन, बाकी दोन्ही बाजूंना अटलांटिक. टेगस नदीच्या वर डोंगर, खाली सपाटी. लोक बहुतेक किनाऱ्याला धरून. राजा गेला, राष्ट्राध्यक्ष आले, संसद एकाच सभागृहाची. "एकच सभागृह म्हंजे भांडण एकदाच," तुम्ही अव्वाला समजावलंत. "आपल्यात दोनदा होतं." तिनं तव्यावरची नजर न काढता विचारलं, "आपल्यात म्हंजे? देशात का घरात?"

मग अर्थव्यवस्था आली. मासे, ऑलिव्ह, द्राक्षाची दारू, आणि तुमचं ते वाक्य: 'बुचाच्या झाडाची साल काढण्यात हा देश जगात पहिला.' मी थबकले. बूच म्हणजे आमच्या शाळेच्या आवारातलं, लांब देठाची पांढरी फुलं टाकणारं झाड. त्या फुलांच्या वेण्या आम्ही मुली गुंफायचो. पोर्तुगालातही ते आहे म्हणून बरं वाटलं, पण असला बोळातला शब्द कोशात? बाटल्यांना बूच लावतात ते ओकच्या सालीचं, आणि तुम्ही त्या ओकबद्दल लिहिताय, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तीन ठिकाणी 'बूच' गाळून आमच्या त्या झाडाचं पुस्तकी नाव 'गगनजाई' लिहिलं. तुम्हाला विचारलंही नाही. तुम्ही पान वाचलं नाहीत. "तू लिहिलंयस म्हटल्यावर काय बघायचं, पंडितीणबाई," म्हणालात आणि पाकिटाला डिंक लावलात.

खंड छापून आला, आणि काही महिन्यांनी एका वाचकाचं पत्र कोशवाल्यांनी तुमच्याकडे धाडलं. गृहस्थ सभ्य होते. एवढंच विचारत होते की ही गगनजाई लेखकमहाशयांनी कुठं पाहिली. शिक्षकांच्या खोलीत कुणी इतकं सभ्य नव्हतं. "काय सर, लिस्बनला गजरे लई स्वस्त असतील की!" हे तुम्हीच घरी येऊन सांगितलंत, हसत. मी ते पत्र वाचलं आणि मला सगळं कळलं. तेवढ्यात तुमचं हसू थांबलं.

"कच्च्यात मी काय लिहिलं होतं गं?"

"हेच होतं, अप्पा."

"बूच नव्हतं?"

"नव्हतं."

"कागद आहेत का?"

"रद्दीत गेले."

"खरे हेळ," तुम्ही म्हणालात. खरं सांग. रागावलात की तुम्ही मराठीत यायचात. कन्नडात शिरलात म्हणजे घाबरला होतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी "खरंच" म्हटलं. कागद शेजारच्या खोलीत, माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात होते. अजून आहेत.

मला वाटलं, चार दिवसांचं हसू, ओसरेल. पण चूक झाली याचं तुम्हाला काही नव्हतं. जे कधी लिहिलं नाही ते आपल्याच हातून लिहिलं गेलं आणि आठवतही नाही, याची धास्ती तुम्ही घेतलीत. पुढची 'हंगेरी'ची नोंद लिहायला आली होती, ती न लिहिताच परत पाठवलीत. सोबतच्या चिठ्ठीत 'स्मरणाचा भरवसा उरला नाही' असं होतं. ती चिठ्ठीही मीच सुवाच्य करून दिली. शब्द बदलला नाही. वर्गाकडे तोंड ठेवून पाठीमागच्या फळ्यावर युरोपचा किनारा काढणारा माणूस हातात नकाशाचं पुस्तक धरून शिकवायला लागला. गॅस बंद केलाय का, अव्वाला तीनतीनदा विचारायला लागला. मी बघत होते, अप्पा.

आता मी वाचलंय. तिकडं म्हणे त्या ओकची साल काढली की खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवतात आणि नऊ वर्षं त्याला हात लावत नाहीत. तोवर साल पुन्हा धरते. तुम्हाला नऊ मिळाली नाहीत. सहाव्या वर्षी गेलात, स्वतःवरच संशय घेऊन.

दुपारी लाईट जाते, पंखा थांबतो, आणि त्या शांततेत तुम्ही विचारता, "खरे हेळ." मी शास्त्रानं वाद घालते: कंठाशिवाय वर्ण नाही, गेलेल्या माणसाला कंठ नाही, सबब हे ऐकू येत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. तुम्ही ऐकून घेता आणि पुन्हा विचारता.

काल नोंद दुरुस्त केली. तिन्ही ठिकाणी बूच परत आणलं. खाली एक रकाना होता, चूक कशामुळे झाली. 'लेखकाची चूक' लिहवेना, एवढं इमान शिल्लक आहे. 'लेखकाच्या मुलीची चूक' असं टाइप केलं, मग पुसलं आणि 'मुद्रणदोष' लिहून पाठवून दिलं. त्या छापखान्यात खिळे जुळवणारा कोण होता, मला ठाऊक नाही. त्यालाही एखादी मुलगी असेल.

खरं सांगायला हे पत्र कोशवाल्यांना पाठवलं तरी पुरे होईल. त्यांचा पत्ता समोरच उघडा आहे. पाठवत नाहीये.