एल्साबाईंचा बुधवार

मळ्यातून,
रविवार, २७ फेब्रुवारी १९९४

ती. स्व. सौ. द्वारकाआक्कास,

धाकट्या सूर्यभानचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं आम्ही सगळे, म्हणजे मी, आई, दोन म्हशी आणि तू लावलेलं लिंबाचं झाड, खुशाल आहोत. तिकडं परभणीत तू, दाजी आणि पोरं कशी आहात हे विचारायचा हक्क मी कधीच घालवून बसलोय, तरी विचारतो. पाच वर्षांतलं हे माझं पहिलंच पत्र. अक्षर बघून पाकीट चुलीत घालू नकोस, आत आईचा मजकूर आहे. (नाही. पण असं लिहिलं नाही तर तू पुढं वाचणार नाहीस.) माझं लग्न अजून व्हायचंय. मुलगी बघायला मोठी बहीण लागते, एवढंच इथं सुचवून ठेवतो.

तू गेलीस तेव्हा मी ट्रॅक्टर हाकत होतो. वाळूजला कारखाने आल्यापासून गावातली निम्मी पोरं कंपनीच्या बसनं जातात आणि उरलेली निम्मी पाळीवरून येऊन झोपलेली असतात. मी मात्र औरंगाबादला परदेशी पाहुण्यांची गाडी चालवतो. एसी गाडी, पांढरा ड्रेस, डोक्यावर टोपी आणि हातात मोजे. (परवा त्याच ड्रेसात गव्हाला पाणी द्यायला गेलो, तर शेजारच्या सखारामनं मला तलाठी समजून नमस्कार केला आणि बांध आपण कोरला नाही म्हणून न विचारताच सांगून टाकलं.) आमचे पाहुणे म्हणजे शाही सफरीवाले. पंधरा दिवसांत त्यांना अख्खा देश दाखवतात: राजवाडा, वाळवंट, तळं, हत्ती, ताजमहाल आणि आपली लेणी. हॉटेलात अंघोळीच्या टबात गुलाबाच्या पाकळ्या आणि झोपताना उशीवर चॉकलेट. उशीवर खायची वस्तू ठेवली तर मुंग्या येतील, असं आई म्हणाली. पण पंचतारांकित मुंग्यांना शिस्त असते म्हणे.

तर गेल्या मंगळवारी माझ्या गाडीत एल्साबाई होत्या. देश डेन्मार्क, वय पासष्ट, पायात भक्कम बूट. बरोबर आमचा गाईड त्रिंबक. हा त्रिंबक म्हणजे हुशार माणूस. पाहुण्यांनी दगडाकडं बोट दाखवलं तरी तो न अडखळता त्याचं शतक सांगतो. आम्ही अजिंठा पाहून परत येत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या विमानानं बाईंना उदयपूरला जायचं होतं. तिथं तळ्यातल्या महालात त्यांची खोली धरलेली होती. आणि नेमकी आपल्याच फाट्यावर गाडी तापली. पंख्याचा पट्टा गेला. आता तूच सांग, पट्ट्याला जागा निवडता येते का? त्रिंबकला एसटीनं शहरात नवीन पट्टा आणायला धाडला आणि बाईंना उन्हात उभं कसं करायचं म्हणून घरी आणलं. शेवटची एसटी चुकल्यामुळं त्रिंबक उगवला तो थेट सकाळी. तोवर आई आणि एल्साबाई यांचं मस्त जमलेलं. एक मराठी बोलते, दुसरी डॅनिश, आणि दोघी माना हलवतात. मला दोघींपैकी कुणीच काही विचारलं नाही.

बुधवारी सकाळी बंबात तुराट्या घालून आईनं बाईंना कढत पाणी काढून दिलं (पाकळ्या नव्हत्या, एक तुराटीचा तुकडा तेवढा तरंगत होता). नऊ वाजता गाडी तयार झाली. बाई निघाल्या, तशी आईनं त्यांना पाटावर बसवलं आणि खण, नारळ, गहू घेऊन ओटी भरायला घेतली. त्रिंबक माझ्या कानाशी लागला, अरे, बाई विधवा आहेत, आईला सांग. मी सांगितलं. आई हातातले गहू तसेच धरून म्हणाली, ‘‘नवरा मेला म्हणून लेक मरती का रं?’’ आणि तिनं ओटी भरली. वर कुंकूही लावलं. मी आणि त्रिंबक दोघंही अंगणातल्या म्हशीकडं बघत राहिलो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण ओटी भरली म्हणजे ती लेक झाली. आणि आई एकदम थांबली.

‘‘आज वार कोणता?’’

‘‘बुधवार,’’ मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता मला कळलं की माझी नोकरी गेली.

जाशील बुधी तर येशील कधी, हे तुला मी सांगायला नको. खुंटीवरची गाडीची चावी आईनं काढली आणि कनवटीला लावली. आईच्या कनवटीला गेलेली वस्तू परत मिळवायला हायकोर्टाचाही उपयोग नाही. मी विनवण्या केल्या. विमानाचं सांगितलं, महालाचं सांगितलं, गाडीच्या मालकाचं, आमच्या शेठचंही सांगितलं. आई म्हणाली, ‘‘महाल कुटं पळून जात न्हाय. लेक जाती.’’ शेवटी त्रिंबक पुढं झाला आणि त्यानं बाईंना इंग्रजीत समजावलं, की हा अतिप्राचीन विधी असून तो माहितीपत्रकात छापलेला नाही, फक्त निवडक पाहुण्यांसाठी असतो. बाईंनी विचारलं, किती प्राचीन? त्रिंबक म्हणाला, लेण्यांच्या आधीचा. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि बूट काढून ठेवले.

मी पोस्टातून शेठला फोन लावला. शेठचं बोलणं पत्रात लिहिण्यासारखं नाही. सारांश असा की विमान वार बघत नाही. मी म्हणालो, आई बघते. त्यावर त्यांनी जे म्हटलं त्यानं पोस्टमास्तरांनीही खिडकी लावून घेतली. परत येऊन बघतो तर बाई शेतात उकिडव्या बसून उशिराच्या ज्वारीचा हुरडा खातायत, डोळ्यांतून लसणाच्या चटणीचं पाणी वाहतंय आणि त्रिंबक त्यांना गोवरीचं शतक सांगतोय.

आता आक्का, इथून पुढचं मला नीट लिहिता येत नाही, तरी लिहितो. दुपारी बाई ओसरीत गोधडीवर बसल्या होत्या. गोधडी तुझ्या कपड्यांची. त्यातल्या हिरव्या तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि हा कुणाचा, असं विचारलं. तुझ्या सातवीतल्या परकराचा तो तुकडा. आई लसूण सोलत होती. तिनं सांगितलं. मग सगळंच सांगितलं: तुम्ही दोघं आला होतात, जेवताना विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला, दाजी म्हणाले की नाव द्यायलाच पाहिजे. मी तेव्हा नामांतराविरुद्धच्या मोर्च्यातून नुकताच घसा फोडून आलेलो. मी दाजींना म्हणालो, ज्याला नावं बदलायचीत त्यानं आधी ह्या घराचा उंबरा सोडावा. दाजी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. तू त्यांच्या मागं. आई फाट्यापर्यंत तुझा पदर धरून आली, आज बुधवार हाय, उद्या जा म्हणत. तू थांबली नाहीस, आणि का थांबावंस?

हे सगळं त्रिंबकनं एकेका वाक्यानं इंग्रजीत सांगितलं. एरवी दगडालासुद्धा स्वतःची भर घालणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. एवढी वर्षं गाडी चालवून मला इंग्रजी समजतं. माझंच वाक्य मी परक्या भाषेत ऐकलं आणि ते आणखी घाण वाटलं. एल्साबाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि आईच्या सुपातला लसूण सोलायला घेतला. आई शेवटी म्हणाली, ‘‘बुधवारानं घात केला माजा.’’ पाच वर्षं ती बुधवारालाच दोष देते, कारण बुधवार काही तिच्या पोटचा नाही.

आता नाव झालं. चौदा जानेवारीला झालं. आपल्या विहिरीचं पाणी होतं तेवढंच आहे, गहू तेवढाच आला, माझं कणभरही काही गेलं नाही. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पाहुण्यांना घेऊन विद्यापीठाच्या मागच्या लेण्यांकडं चाललो होतो. कमानीपाशी एक म्हातारी उभी होती. तिला वाचता येत नसावं. नातीकडून ते नाव पुन्हा पुन्हा वाचून घेत होती आणि दर वेळी डोळे पुसत होती. गाडीतल्या साहेबानं विचारलं, काय झालंय? मी टोपी काढली आणि गाडी हळू केली. आक्का, दाजी बरोबर होते. हे चार शब्द लिहायला मला पाच वर्षं लागली, तेवढ्यात लोक अख्खी लेणी कोरतात.

एल्साबाई गुरुवारी गेल्या. गाडीत बसताना त्यांनी त्रिंबककरवी आईला विचारलं, पुन्हा यायचं तर कोणत्या वारी येऊ? आई म्हणाली, ‘‘कोणत्याबी ये. बुधवार जायाला वंगाळ, यायाला न्हाय.’’

दाजींना माझा नमस्कार सांग, असं लिहिणार होतो. पण तो मीच सांगितला पाहिजे. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सूर्यभान

ता. क. माझी नोकरी गेली होती, पण दोनच दिवस. एल्साबाईंनी जाताना आमच्या ऑफिसातल्या वहीत पानभर लिहिलं की या देशात बारा महाल पाहिले, घर एकच पाहिलं. आता शेठना दर बुधवारी चार पाहुणे आपल्याकडं धाडायचेत. काल ते स्वतः घरी आले आणि आईला विचारलं, भाडं किती लावायचं? आई म्हणाली, ‘‘लेकीला भाडं लावत्यात व्हय रं, शेठ?’’ शेठ उठून गेले. त्रिंबकनं तो विधी आता अश्मयुगापर्यंत मागं नेलाय.

ता. क. २. पट्टा तुटला नव्हता. मी काढला होता, आणि तो सबंध वेळ माझ्या खिशात होता. वाटेत एल्साबाई म्हणाल्या की बारा दिवसांत मी कुणाच्या घरात बसले नाही. मला आई आठवली. तिच्या घरातही कुणी येऊन बसलं नव्हतं. वार मात्र माझ्या ध्यानातच नव्हता. (त्रिंबकला कळू देऊ नकोस. तो त्या पट्ट्यासाठी रात्रभर स्टँडवर बसला होता.)

ता. क. ३. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. दिवाळीला तुला माहेरी न्यायला मुराळी म्हणून यायचं, ते मी पाच वर्षं चुकवलं. आता येतो. येत्या बुधवारचा बुधवार, नऊ मार्च, सकाळी तुमच्या दारात गाडी घेऊन उभा राहीन. दाजींनी आत बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. दिवसभर उभं राहावं लागलं तरी राहीन, उभं राहायचा मला पगार मिळतो. आईला अजून सांगितलेलं नाही. तू गेल्यापासून ती दर बुधवारी अर्धीच भाकरी खाते. एल्साबाई समोर बसल्या होत्या तेव्हासुद्धा अर्धीच खाल्ली, आणि उरलेली अर्धी फडक्यात बांधून शिंक्यावर ठेवली. ती कुणाची आहे ते दाजींना माहीत आहे. त्यांना म्हणावं, येऊन जेवण पुरं करा.