चिठ्ठीच्या मागची बाजू

वटार,
बुधवार, १२ ऑगस्ट १९९८

प्रिय गॉडफ्रे,

तुझ्या ताईचा जय येशू. आम्ही बरे आहोत. तुझ्या क्लाराची कंबर कशी आहे? हे बोटीवरच आहेत, नाताळाशिवाय येत नाहीत. केळी यंदा बरी धरलीत. पंप परत बिघडला.

फेब्रुवारीपासून आपण बोललो नाही, ते राहू दे आता.

स्टेफी कॉलेजात जाते. आठवीत ढकलून वर आली, नववीत नापास झाली, आणि दहावीला एकसष्ट टक्के! दप्तर नको म्हणते, एकच वही हातात धरून जाते. मामाकडे पेढे घेऊन मी जाते म्हणाली, मीच अडवलं. येताजाता विचारते, "आई, मी केलं ना गं?" मी हो म्हणते आणि भांडी घासायला बसते.

का ते लिहिते. मला लांबण लावता येत नाही.

दर रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाली की तू सायकल मारत तिला शिकवायला यायचास. मी म्हटलं, काय भरवसा हिचा? तू म्हणालास, "पोरगी पास होईल. तू फक्त गप्प बस." डोकं फिरलं माझं. चार बुकं शिकलास म्हणून मला गप्प बसवतोस? पुढच्या रविवारपासून येऊ नको म्हटलं. आणि दुसऱ्याच दिवशी मी एडवर्डकडे गेले.

तोच, मनवेलपाड्यात ऑफिस घातलंय, लोकांचे दाखले काढून देतो. म्हणाला, बोर्डात आपला माणूस आहे, पोरीचा नंबर लिहून द्या. कागद नव्हता. पर्समध्ये फादरांना द्यायची चिठ्ठी होती, स्टेफीच्या परीक्षेसाठी मिस्सेत प्रार्थना करावी म्हणून. पुढे तिचं नाव, गाव होतंच. मागे मी नंबर लिहिला, 'हिला पास करा' लिहिलं, सही केली. त्याने काही मागितलं नाही. मला वाटलं, भला माणूस.

निकालानंतर आभाराची मिस्सा दिली. फादरांनी माईकवर तिचं नाव वाचलं. बाहेर एडवर्ड उभा. "सालोमीबाय, देवाचे आभार झाले, आपले कधी?"

तेव्हापासून दर रविवारी येतो. तू बसायचास त्याच खुर्चीत बसतो. चहा स्टेफीनेच आणायचा. ती आत गेली की खिशावर टिचकी मारतो. "चिठ्ठी जपून ठेवलीय हां. कॉलेजात दाखवली तर नाव कापतील पोरीचं."

परवा तिला म्हणाला, "ऑफिसात टायपिंग शिकवतो, शनिवारी नऊला स्कूटरवर न्यायला येतो. आईला कशाला त्रास, तिला बागेत काम असतं." मी समोर बसले होते रे. पोरगी मात्र खूश. "अंकल किती चांगले आहेत ना!"

शनिवारी पंधरा ऑगस्ट. आपला मारियामातेचा सण, आणि सरकारी सुट्टी. सगळ्यांची ऑफिसं बंद असताना याचंच कशाला उघडं?

टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून हरेश्वर फुलं घेऊन तिकडे येतो त्याच्या हातात देते. शुक्रवारी ये. तिचे सराव पेपर तू तपासून ठेवले होतेस, ते टाकले नसशील तर घेऊन ये. ते मार्क बोर्डातल्या माणसाचे की माझ्या पोरीचे, मला खरंच माहीत नाही. तिला सगळं सांगणार आहे, पण तुझ्यासमोर. ती विचारेल, "मग मी केलंच नाही का?" तेव्हा तिला दाखवायला माझ्या हातात काहीतरी पाहिजे.

पेपरात काही निघालं नाही तरी शनिवारी ती स्कूटरवर बसणार नाही. नाव कापलं तर कापू दे. मी दारात बसणार. तू खुर्चीत बस, रिकामी ठेवू नको.

निळा ड्रेस तिने आजच इस्त्री करून खिळ्याला लावलाय.

आणि या वेळी मला गप्प बस म्हणू नको.

तुझी ताई,
सालोमी