चाळीस लिटरांनी सरळ झालेली स्कूटर

लोहा, दि. १२ मे १९८३

आदरणीय हणमंतराव दाजींना, मारोतीचा सविनय जयभीम. आक्कालाही जयभीम, लेकरांना आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? (नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेरीत जिने फार आहेत असं ऐकतो.) इकडे पाणी सोडून सगळं ठीक आहे.

पुढचं वाचताना तुमचा तोल जाऊ नये म्हणून या दोन हातांनी आजवर काय काय केलं ते आधीच लिहून ठेवतो. चौथी नापास झालो त्या वर्षी सायकलच्या चेनवर फिरणारा पंखा केला (वारा बेताचा, आवाज भरपूर). आक्काच्या लग्नात ऐन वेळी विझलेली गॅसबत्ती खिळ्याने दुरुस्त केली. विहाराच्या फाटकाला आतून आणि बाहेरून दोन्हीकडून लागणारी कडी बसवली, तीत आम्ही सातजण एकदा अडकलो, पण कडी हलली नाही. लग्नानंतर पंचफुलेला तीन पायांची शेगडी करून दिली. ती डुगडुगते, कारण आमची जमीन सपाट नाही. आणि शेवटची वस्तू म्हणजे तुमच्या स्कूटरची पाण्याची घडवंची. सगळा घोळ तिच्यामुळे झाला.

तुम्ही लिहिलं होतं की सोमवारी गाडी लातूरला आण, साहेबांचे मेहुणे दोन हजारांना घेणार आहेत. मी आलो नाही. का आलो नाही ते क्रमाने सांगतो.

बदलीच्या वेळी तुम्ही ती एकसष्ट सालची गाडी माझ्या सायकलच्या दुकानात लावलीत आणि "मारोती, हिला नुसती पुसत जा" म्हणालात. मी काही महिने नुसती पुसली. पण पाऊस गेला, मग नळ गेला, मग गल्लीतला आड गेला, आणि पाणी उरलं ते तीन मैलांवरच्या एका मळ्यातल्या विहिरीत. तेव्हा मी गाडीच्या डाव्या अंगाची डिकी काढली (सुरक्षित आहे, तीत पंचफुला लसूण ठेवते) आणि तिथे लोखंडी घडवंची जोडून वीस-वीस लिटरचे दोन कॅन बसवले. हिच्यावर गल्लीतली अकरा घरं पाणी पितात. तुम्हाला कळवायचं राहून गेलं.

भरले कॅन घेऊन येताना गाडी डावीकडे ओढायला लागली. सायकलच्या चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, मी डोळे मिटून काढतो, तेव्हा स्कूटरचं काय एवढं, असं मला वाटलं. (मला असं वाटतं तेव्हा पंचफुला भांडी आवरून घेते.) पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी ताणली, ओळंबा सोडला, आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात पहार घालून तो दोरा दोरा वाकवत नेला. बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी विहिरीवरून येताना उतारावर दोन्ही हात सोडले, तर गाडी रुळावरून यावी तशी सरळ घरी आली. मी त्या दिवशी गल्लीत जरा जास्तच वेळ हात सोडून फिरलो.

रविवारी संध्याकाळी पंचफुला म्हणाली, "जाताना गाडी उजवीकडं वढती अन् येताना सरळ येती. तिला बी सासर-माहेर हाय व्हय?"

दाजी, मी जागच्या जागी बसलो. इंजिन मुळातच उजव्या अंगाला. आणि मी बाराही दिवस माप घेतलं ते डाव्या अंगाला कॅन भरलेले ठेवून. रिकामे करणार कुठे? घरात एक भांडं मोकळं नव्हतं, आणि या सालात माप घ्यायचं म्हणून पाणी ओतून देणारा माणूस मला दाखवा. थोडक्यात, तुमची गाडी मी चाळीस लिटर पाण्यासकट सरळ केली होती. पाण्याशिवाय ती उजवीकडच्या शेतात जात होती.

सोमवारपर्यंत पुन्हा वाकवायला वेळ नव्हता. म्हणून पहाटे दोन्ही कॅन भरून मी लातूरला निघालो. जिल्ह्याच्या हद्दीवरचा 'लातूर जिल्हा आपले स्वागत करीत आहे' हा नवाकोरा फलक हात सोडून ओलांडला. पण अहमदपूरच्या अलीकडे मलप्पा नावाच्या माणसाच्या हॉटेलासमोर बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसल्या होत्या. तिथे मी चहाला थांबलो, ही चूक.

त्यांच्यातली केवळाबाई म्हणून एक म्हातारी उठून आली. "काय रं बाबा, पाणी दाखवाया आणलास का आम्हाला?"

मी म्हटलं, "मावशी, हे पाणी नाही. वजन आहे." आणि चिमट्याचा सगळा हिशेब समजावून सांगितला.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वजनच पायजे व्हतं तर दगडाला काय झालं व्हतं? का दगडाचा बी दुष्काळ पडलाय लोह्यात?"

बायका हसल्या, मलप्पा हसला, टँकरची वाट बघणारं कुत्रंसुद्धा उठून बसलं. हे केलं, ते केलं, असं पत्राच्या सुरुवातीला लिहिणारा मी. पण दगड काही मला सुचला नव्हता. दोन्ही कॅन तिथेच बायकांच्या घागरींत ओतले आणि एक बरा दगड घडवंचीला सुतळीने बांधला. मग विचार आला, की दगड बांधलेली गाडी साहेबांच्या मेहुण्यांना काय म्हणून दाखवू? परत फिरलो. हद्दीजवळच्या खड्ड्यात दगड सुटला, गाडी वळली उजवीकडे, आणि उजवीकडे तुमचा जिल्हा स्वागताला उभा होता. त्याच्या पाठीत मी बसलो.

मला खरचटलं. फलक आडवा झाला, मोडला नाही. त्याचे खांब मुळातच दीड बोट कलले होते. खिशात ओळंबा होता, अक्षरं समोर धरून मी ते तासाभरात बिनचूक उभे केले. पण नवल पुढेच आहे. त्या धडकेने चिमटा परत जागेवर आला, आणि गाडी रिकामी असताना रेघेसारखी सरळ लोह्यापर्यंत आली. माझे बारा दिवस, आणि त्या फलकाचा एक क्षण.

आक्काला सांभाळा. कळावे.

तुमचा मेहुणा
मारोती

ता.क. काल एक जीपवाला सांगत होता की फलक उलटा उभा आहे. मी लातूरकडून येत होतो, त्यामुळे अक्षरं माझ्याकडे आली. आता लातूर सोडून नांदेडात येणाऱ्याचं लातूर जिल्हा स्वागत करतो. तुम्ही कचेरीत आहात, कुणाकडून तरी फिरवून घ्या. ओळंब्याला मात्र हात लावू देऊ नका.

दुसरी ता.क. गाडी रिकामी सरळ चालते असं वर लिहिलं आहे, ते मंगळवारपर्यंत खरं होतं. बुधवारी मी चिमटा पुन्हा पाण्याच्या वजनाला वाकवला (जुनी खूण होती, एका दिवसात झालं). पाऊस पडेपर्यंत तेवढी गाडी इथेच राहू द्या, दाजी. पत्र खरं तर एवढ्यासाठीच होतं.

तिसरी ता.क. साहेबांच्या मेहुण्यांचे दोन हजार बुडाले म्हणून वाईट वाटून घेऊ नका, गाडीला किंमत आहे. मलप्पाने ती घडवंचीसकट तिथल्या तिथे रोख मागितली, हॉटेलात पाणी आणायला. मी चहा अर्धा ठेवून नाही म्हणालो. आकडा आक्काला वाचून दाखवू नका: रुपये चार हजार पाचशे फक्त.